अलीया करायचीये? आधी कागद, मग अर्ज, आणि घर विकायचं अगदी शेवटी

ठाणे, पनवेल, अलिबाग, भायखळा, पुण्याची रास्ता पेठ, कुठल्याही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरात अलीयाचा, म्हणजे कायमचं इस्रायलला जाण्याचा, विषय पक्का झाला की पहिली हालचाल काय, तर फ्लॅटला गिऱ्हाईक बघायचं आणि ऑफिसात राजीनामा द्यायचा. मग सात-आठ महिने भाड्याच्या खोलीत, कागद अडकलेले, मुलांची शाळा सुटलेली. हे इतक्या घरांत बघितलंय की आता क्रम नीट लिहून काढतोय. प्रक्रिया अवघड नाहीये, पण एक पायरी पुढेमागे झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

हे सगळं भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि कायमचं तिकडे जायचं ठरवलेल्या कुटुंबांसाठी आहे. भत्त्यांचे आकडे इथे देत नाही, ते बदलत राहतात, इस्रायलच्या अलीया मंत्रालयाच्या वेबसाइटवर चालू आकडा बघा. निर्णय चांगला की वाईट यातही मी पडत नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न.

१. तुमचा हक्क नेमका कोणामुळे, ते आधी ठरवा

१९५० चा परतीचा कायदा आणि त्याची १९७० ची दुरुस्ती, या दोन्हींवर सगळं उभं आहे. ज्यू व्यक्ती, तिची मुलं, नातवंडं, आणि या सगळ्यांचे नवरा-बायको, एवढ्यांना हक्क आहे. पणतवंडांना स्वतंत्र हक्क नाही. स्वतःहून दुसरा धर्म स्वीकारलेल्या माणसाला ज्यू म्हणून हक्क मिळत नाही.

एक कागद घ्या आणि वंशावळ काढा, स्वतःपासून आजी-आजोबांपर्यंत. प्रत्येक नावापुढे लिहा: जन्म कुठे, लग्न कुठल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), दफन कुठे. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्ही बाजू. याच कागदावरून कळतं की कुठल्या व्यक्तीचे पुरावे गोळा करायचेत, नाहीतर लोक चुलतमावशीचे कागद घेऊन फिरतात आणि स्वतःच्या आईचा जन्मदाखला मात्र नसतो.

मिश्र लग्न असेल तर एक गोष्ट आत्ताच समजून घ्या. देशात येण्याचा हक्क आणि तिथे रब्बीनेटमध्ये, म्हणजे सरकारमान्य ज्यू धर्मपीठात, लग्न लावता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त वडिलांकडचे आजोबा ज्यू होते तर तुम्ही अलीया करू शकता, पण रब्बीनेट ज्यूपण आईकडून बघतं, आणि इस्रायलमध्ये नागरी विवाह होत नाही. वीस-बावीस वर्षांची मुलं असतील तर त्यांना हे तिकडे गेल्यावर कळू देऊ नका. बेने इस्रायली म्हणून काही अडचण येईल का असं अजूनही लोक विचारतात, तर बेने इस्रायलींना पूर्ण ज्यू मानायचं की नाही हा वाद १९६४ मध्येच मिटलाय. आज तुमच्याकडून हवे असतात ते पुरावे.

तपासा: वंशावळीतली हक्काची व्यक्ती आणि तुम्ही, यांच्यामधला प्रत्येक दुवा कागदावर दाखवता येतोय का? एक जरी दुवा फक्त "सगळ्यांना माहितीये" यावर असेल तर पुढे जाऊ नका, पायरी २ मध्ये तो आधी भरा.

२. कागद गोळा करा, आणि नावं शेजारी शेजारी ठेवून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. प्रत्येक माणसाची वेगळी फाइल करा. त्यात:

- पासपोर्ट (मुदत दीड-दोन वर्षं तरी शिल्लक हवी, नसेल तर आधी रिन्यू करा)
- जन्मदाखला
- लग्नाची नोंदणी आणि कतुबा (ज्यू लग्नाचं करारपत्र), दोन्ही
- घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा आदेश आणि गेट (धार्मिक घटस्फोटाचं पत्र), जोडीदार गेला असेल तर मृत्यूदाखला
- आई-वडिलांचा कतुबा, शक्य असेल तर आजी-आजोबांचाही
- ज्या सिनेगॉगचे मेंबर आहात त्यांचं पत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट
- शाळा सोडल्याचा दाखला
- पदव्या, मार्कशीटा, नोकरीची सर्टिफिकेटं

शाळा सोडल्याच्या दाखल्याकडे कोणी बघत नाही, पण तो फार कामाचा आहे. त्यात धर्म आणि जातीचा रकाना असतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गुरुजींनी तिथे "ज्यू", "यहुदी", "बेने इस्रायल", नाहीतर "इस्राएल" असं काहीतरी लिहिलेलं असतं. अर्जाच्या कितीतरी आधी, सरकारी शाळेनं केलेली नोंद! आईवडिलांचा असा दाखला मिळाला तर सोन्यासारखा जपा. कधीकधी त्या रकान्यात चुकून भलताच धर्म पडलेला असतो, तसा दाखला असेल तर तो लपवू नका, सोबत बाकीचे पुरावे भक्कम ठेवा आणि विचारलं तर सरळ सांगा.

आता नावं. टेबलावर एका माणसाचे सगळे कागद ओळीनं मांडा आणि फक्त नाव वाचत जा. जन्मदाखल्यावर "अब्राहम", शाळेत "अब्राहाम", पासपोर्टवर "आब्राहम", कतुब्यात "अव्राहम बेन ..." आणि आधारवर मधलं नावच नाही. आडनाव पेणकर असेल तर इंग्रजी स्पेलिंग एका भावाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं. लग्नाआधीचं आणि लग्नानंतरचं नाव हा बायकांच्या फायलीतला वेगळा गुंता, त्यात सासरी नावच बदललेलं असेल तर अजून एक थर. आपल्याकडे घरचं नाव वेगळं, सिनेगॉगमधलं हिब्रू नाव वेगळं आणि सरकारी तिसरंच, आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण फाइल बघणाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात.

पासपोर्टवरचं नाव मुख्य धरा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवा. छोटा स्पेलिंगचा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र बहुतेक वेळा चालतं. नावच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल, मग आधार, पॅन, पासपोर्ट या क्रमानं.

जन्मदाखल्याच्या तीन नेहमीच्या अडचणी:

नावाचा रकाना रिकामा, नुसतं "मुलगी" लिहिलंय. त्याच नोंदणी कार्यालयात, म्हणजे महापालिकेचा वॉर्ड, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, जाऊन नाव टाकून घ्यायचं.

दाखला आहे पण हाताने लिहिलेला, जुना, घडीवर फाटलेला. त्याच्यावर पुढची कामं करू नका, मराठी आणि इंग्रजी दोन्ही असलेली ताजी प्रत काढा.

नोंदच नाही. हे रायगडकडच्या गावांत जन्मलेल्या ज्येष्ठांचं फार होतं. आधी नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, मग उशिराची नोंदणी. वर्षाहून जास्त उशीर असेल तर जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. हल्ली या अर्जांची छाननी कडक झालीये, म्हणून सुरुवात इथूनच करा. कोणी "दोन दिवसांत काढून देतो" म्हणाला तर त्याच्या दारात उभं राहू नका, असा दाखला रद्द झाला तर अख्ख्या कुटुंबाच्या फाइलवर डाग लागतो.

जुन्या जोडप्यांचं अजून एक. कतुबा आहे, सरकारी नोंदणी नाही. ती आता करून घ्या, लग्नाला चाळीस वर्षं झाली असली तरी होते. उलटंही असतं, नोंदणी आहे आणि कतुबा पुरात गेला, तेव्हा सिनेगॉगच्या लग्नाच्या रजिस्टरमधल्या नोंदीचा दाखला मागा. रजिस्टर जुनी असतात, शोधायला वेळ लागतो, हझान (प्रार्थना चालवणारे) आणि कमिटीची माणसं बहुतेक ठिकाणी नोकरी सांभाळून हे करतात, तेव्हा फोनवर घाई करण्यापेक्षा तारीख, साल, वधूवरांची आणि साक्षीदारांची नावं लिहून घेऊन जा.

सावधान: घटस्फोटित असाल आणि अठराखालचं मूल बरोबर नेणार असाल तर दुसऱ्या पालकाची लेखी संमती किंवा कोर्टाचा ताब्याचा स्पष्ट आदेश हवाच. ऐन वेळी यावरून निघालेली कुटुंबं थांबली आहेत.

३. दुरुस्त्या पूर्ण, मगच एपोस्टिल

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लोक एपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, आधी करून टाकतात, "तेवढं तरी होऊन जाईल" म्हणून, आणि नंतर स्पेलिंग बदलावं लागतं. नवीन दाखला निघाला की जुन्यावरचं एपोस्टिल गेलं, पैसे आणि महिना दोन्ही वाया.

भारत आणि इस्रायल दोन्ही हेग एपोस्टिल करारात आहेत, म्हणून जन्मदाखला, लग्नदाखला अशा सरकारी कागदांना एपोस्टिल लागतं. महाराष्ट्रातल्या दाखल्यांचं आधी राज्य पातळीवर प्रमाणीकरण होतं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं एपोस्टिल. मंत्रालय कागद थेट लोकांकडून घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फत घेतं, त्यांची यादी मंत्रालयाच्या वेबसाइटवर आहे, तिथूनच एजन्सी निवडा. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याच्या ओळखीनं मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका.

कतुबा आणि सिनेगॉगचं पत्र हे सरकारी कागद नाहीत, त्यांच्या मूळ प्रतीच मुलाखतीला दाखवायच्या असतात. कतुबा लॅमिनेट करू नका! खूप घरांत तो जपायचा म्हणून लॅमिनेट केलेला असतो आणि मग शाई, शिक्का काहीच नीट तपासता येत नाही. स्वच्छ प्लास्टिक फोल्डर पुरतो.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, मुद्दाम सगळ्यात शेवटी. पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करायचा, पोलीस पडताळणी होते. ते साधारण सहा महिनेच ग्राह्य धरलं जातं. आधी काढून ठेवलं की मुलाखतीपर्यंत शिळं होतं, आणि त्यालाही एपोस्टिल असतंच, म्हणजे दुप्पट खर्च.

तपासा: आता सगळ्या फायली स्कॅन करा, पुढची-मागची दोन्ही पानं, एपोस्टिलच्या स्टिकरसकट. पासपोर्टची तर सगळी पानं, कोरीसुद्धा. याचं कारण पायरी ५ मध्ये.

४. अर्ज आणि मुलाखत

अर्ज ज्यू एजन्सीकडे, म्हणजे अलीयाचं काम बघणाऱ्या संस्थेकडे, करायचा, त्यांच्या ग्लोबल सेंटरमधून फाइल उघडते. पात्रता तपासली जाते, मुलाखत होते, मग मंजुरी, आणि त्या मंजुरीवर इस्रायलच्या दूतावासातून किंवा मुंबईच्या कॉन्सुलेटमधून अलीयाचा व्हिसा.

मुलाखतीत धर्माची परीक्षा घेत नाहीत. घरी काय पाळता, सिनेगॉगला कधी जाता, तिकडे नातेवाईक कोण, काम काय करणार, हिब्रू किती येतं, असं साधं बोलणं असतं. तरीही लोक घाबरून पाठ केलेली उत्तरं देतात, आणि नवरा-बायकोची उत्तरं जुळत नाहीत. जे आहे ते सांगा. आपल्याकडे शब्बाथला (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सगळं काटेकोर पाळलं जातंच असं नाही, पण मलिदा (गोड पोह्यांचा प्रार्थनाविधी) होतो, एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेतल्याशिवाय शुभकार्य होत नाही, मुलाची सुंता आठव्या दिवशी झालीये, हे सगळं खरं आहे आणि तेच सांगायचं. तिकडे आधी गेलेल्या सख्ख्या नातेवाइकांची नावं आणि त्यांचा तेउदत झेहूत (इस्रायली ओळखपत्र) नंबर सोबत ठेवा. सख्ख्या भावाची फाइल आधीच तिथे मंजूर झालेली असेल तर तुमचं काम बरंच सोपं होतं.

आजार, चालू औषधं, ऑपरेशनं लपवू नका. त्यावरून हक्क जात नाही, उलट कुठल्या शहरात ठेवायचं ते ठरवायला मदत होते.

सावधान: मुलाखत छान झाली म्हणजे मंजुरी नाही. मंजुरी लेखी येते. ती येईपर्यंत राजीनामा नाही, घराचं टोकन नाही, शाळेतून नाव काढणं नाही.

५. भारतीय पासपोर्टचं काय, हे जायच्या आधी समजून घ्या

ओले, म्हणजे अलीया केलेला माणूस, म्हणून उतरलात की इस्रायलचं नागरिकत्व त्याच दिवसापासून लागू होतं, तुम्ही वेगळा अर्ज करायची गरज नसते. आणि आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. दुहेरी नागरिकत्व भारत देत नाही. म्हणजे हातातल्या भारतीय पासपोर्टवर अजून सहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी तो आता वापरता येत नाही.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. अलीया झाली, चार महिन्यांनी इकडे भाचीचं लग्न निघालं, आणि माणूस जुन्या भारतीय पासपोर्टवर विमानात बसला. तिकडून निघताना इस्रायली नागरिकानं इस्रायली कागदावरच निघायला हवं, इकडे उतरताना भारतीय पासपोर्ट दाखवणं गुन्हा, आणि पुढे भारतीय पासपोर्ट सरेंडर करायच्या वेळी हे सगळे शिक्के दिसतात. दंड तर होतोच, शिवाय ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) रखडतं.

बरोबर क्रम असा:

पहिलं, इस्रायली पासपोर्ट काढा. दुसरं, तेल अवीवच्या भारतीय दूतावासाच्या प्रक्रियेनं भारतीय पासपोर्ट सरेंडर करा आणि सरेंडर सर्टिफिकेट घ्या, रद्द केलेला पासपोर्ट परत मिळतो तो फेकू नका. तिसरं, ओसीआयचा अर्ज करा. ओसीआय येईपर्यंत भारतात यायचं झालं तर इस्रायली पासपोर्टवर भारताचा व्हिसा. पायरी ३ मध्ये सगळी पानं स्कॅन करायला सांगितली ती याचसाठी, सरेंडर आणि ओसीआय दोन्हीकडे लागतात.

ज्यांचं मन अजून पूर्ण ठरलेलं नाही त्यांनी थेट अलीया करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. परतीच्या कायद्यात बसणाऱ्यांसाठी ए-१ म्हणून तात्पुरत्या वास्तव्याचा दर्जा आहे, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. ओलेला मिळणारे सगळे भत्ते त्यात मिळत नाहीत, पण राहून बघता येतं आणि भारतीय नागरिकत्व जात नाही. विशेषतः साठीच्या पुढची माणसं, ज्यांची पेन्शन, डॉक्टर, शेजारपाजार सगळं इकडे आहे, त्यांनी हा पर्याय विचारल्याशिवाय फॉर्मवर सही करू नये.

अठराच्या आसपासची मुलं असतील तर सैन्यसेवेचं आधी विचारा. अलीयाच्या वेळचं वय, मुलगा की मुलगी, लग्न झालंय का, यावर सेवा किती आणि करायची की नाही ते ठरतं. घरात उघड बोला, मुलाला तिकडे पत्र आल्यावर धक्का बसायला नको.

६. पैसा, फ्लॅट, गावची जमीन

मंजुरी आली, आता हे सुरू करा.

बँक: कायमचं बाहेर गेलात की साधं सेव्हिंग खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ (अनिवासींचं खातं) करायला लागतं. जायच्या आधी ब्रँचमध्ये जाऊन फॉर्म, केवायसी आणि तिकडचा पत्ता कसा बदलायचा ते सगळं विचारून ठेवा. भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा, रोमिंगवर ओटीपी येतोय ना ते बघा. नंबर बंद झाला की बँक, डिमॅट, पेन्शन सगळंच अडकतं. इथे रहिवासी असताना वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, नंतर एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, सीएच्या सर्टिफिकेटसकट.

पीएफ: परदेशी कायम स्थायिक व्हायला निघताना पूर्ण रक्कम काढता येते. नावाचं स्पेलिंग तिथेही जुळायला हवं, म्हणजे पायरी २ पुन्हा उपयोगी. पेन्शनर असाल तर दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला तिकडून कसा द्यायचा ते बँकेकडून लेखी घ्या.

फ्लॅट: माझा सल्ला, लगेच विकू नका, वर्षभर भाड्यानं द्या. तिकडे जम बसला की विका. विकायचाच असेल तर जायच्या आधी खरेदीखत पूर्ण करा, कारण अनिवासी झाल्यावर घेणाऱ्याला तुमच्या रकमेतून बराच जास्त टीडीएस कापावा लागतो आणि तो परत मिळवायला किंवा कमी टीडीएसचं सर्टिफिकेट काढायला वेळ जातो. मागे ठेवणार असाल तर विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून नोंदवून ठेवा. तिकडून केलेलं मुखत्यारपत्रही चालतं, पण भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, ते लोक विसरतात.

गावची जमीन: नवगाव, किहीम, रेवदंडा, रोहा, अष्टमी, पेण, जिथे कुठे वाडी असेल तिथला सातबारा आजच काढून बघा. बऱ्याच ठिकाणी अजून पणजोबांचं नाव आहे, आणि निम्मी भावकी पन्नास-साठ वर्षांपूर्वीच इस्रायलमध्ये लोद-रामलेला गेलेली. तुम्ही भारतीय नागरिक आणि इथे हजर असताना वारसनोंद करणं जितकं सोपं तितकं नंतर कधीच नसतं. आधीपासून असलेली किंवा वारसानं आलेली शेतजमीन नंतरही ठेवता येते, पण ओसीआय म्हणून नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि असलेली विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. वारसनोंद, फेरफार आणि मोजणी झाल्याशिवाय मी तरी कोणाला विमानात बसू देणार नाही.

गॅस कनेक्शन जमा करणं, मतदार यादीतून नाव काढणं, सोसायटीत नॉमिनी, हे शेवटच्या दोन आठवड्यांत होतं.

७. तारीख, सामान आणि हिब्रू

तारीख निवडताना पंचांगासारखं ज्यू कॅलेंडर समोर ठेवा. तिश्रीच्या सणांच्या तोंडावर, म्हणजे रोश हशाना ते सुक्कोथ (साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर), उतरू नका. ऑफिसं कधी उघडी कधी बंद, फाइल सणानंतर बघू असंच ऐकू येतं. पेसाखचं (मार्च-एप्रिलमधला सण) तसंच. शाळा १ सप्टेंबरला सुरू होते, मुलं असतील तर जुलैमध्ये पोहोचलेलं बरं. आठवडा रविवार ते गुरुवार, शुक्रवारी दुपारनंतर काही होत नाही, तेव्हा रविवार-सोमवारी उतरणारं विमान मागून बघा. जायचं एकेरी तिकीट ज्यू एजन्सीकडून मिळतं, स्वतः आधी काढून बसू नका.

सामानाचं: व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, मिक्सर चालतो, पिन वेगळी म्हणून अडॅप्टर न्या. कुकर आणि तवा न्या. पोहे, डाळी, मसाले अश्दोद, दिमोना, रामला, बीरशेवाकडे भारतीय दुकानांत मिळतात, पोती भरू नका. औषधं तीन महिन्यांची, डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेतलेलं. मोठं सामान नंतर मागवायचं तर ओलेला तीन वर्षांत तीन खेपांपर्यंत जकात सवलत असते. सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही.

हिब्रू. "आम्हाला वाचता येतं" असं सगळे म्हणतात, आणि सिद्दुरमधून (प्रार्थनेचं पुस्तक) येतंच. पण सिद्दुरमध्ये अक्षरांखाली नेकुदोत, म्हणजे स्वरांच्या खुणा, असतात, तिकडे बसच्या पाटीवर, बँकेच्या पत्रावर, दुधाच्या पिशवीवर नेकुदोत नसतात. चाळीस वर्षं तेफिला (प्रार्थना) म्हणणारा माणूस तिथे पहिल्या दिवशी एक पाटी वाचू शकत नाही. म्हणून निघायच्या सहा महिने आधीपासून बिना नेकुदोत वाचायची आणि रोजच्या बोलण्याची सवय करा, रोज अर्धा तास, मोबाइलवर सुद्धा होतं.

आणि आडनावाचं हिब्रू स्पेलिंग घरी बसून ठरवा, कागदावर लिहा, सगळ्या भावंडांनी तेच वापरा. उतरल्यावर नोंद करणारा माणूस ऐकेल तसं लिहितो. बापाचं आडनाव एक आणि दुसऱ्या विमानानं आलेल्या मुलाचं दुसरं, ही भानगड पुढे वारसा, बँक, लग्न सगळीकडे नडते.

८. उतरल्यावर पहिले तीन आठवडे, याच क्रमानं

१. विमानतळावर: ओलेचं प्रमाणपत्र आणि तात्पुरतं ओळखपत्र मिळतं. तिथेच, काउंटर सोडायच्या आधी, प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख आणि वैवाहिक स्थिती तपासा. भारतात तारीख आधी लिहितात की महिना, यावरूनसुद्धा जन्मतारखा उलट्या पडल्या आहेत. मागे रांग असली तरी थांबा, तिथे दोन मिनिटांत होणाऱ्या दुरुस्तीला नंतर गृहमंत्रालयात हेलपाटे पडतात.

२. बँक खातं: पहिल्या दोन-तीन दिवसांत. साल क्लिता म्हणजे सुरुवातीचा भत्ता, त्याचा पहिला भाग उतरल्यावर मिळतो, बाकीचे मासिक हप्ते खात्यातच येतात. खात्याचा तपशील अलीया मंत्रालयाला दिला नाही तर हप्ते सुरूच होत नाहीत. या काळात देशाबाहेर गेलात तरीही ते थांबू शकतात, म्हणून पहिले सहा महिने भारताची फेरी नको.

३. कुपत होलीम, म्हणजे आरोग्य विमा संस्था: क्लालित, मकाबी, मेउहेदेत, लेउमित, चारांपैकी एक. मोठी नावं ऐकून निवडू नका, तुमच्या गल्लीजवळ कोणाचं क्लिनिक आहे, इंग्रजी बोलणारा डॉक्टर कुठे आहे, ते बघा. घरात मधुमेही असतील तर हे काम बँकेच्याही आधी.

४. अलीया मंत्रालयातल्या तुमच्या सल्लागाराची भेट, उलपानची (हिब्रू शिकवण्याचे वर्ग) नोंदणी, मुलांची शाळा.

५. घर: भाड्यानं घेताना पुढच्या तारखांचे चेक आणि जामीनदार मागतात, त्याची सोय नातेवाइकांशी आधी बोलून ठेवा. फ्लॅटमध्ये ममाद आहे का, म्हणजे सुरक्षित खोली, नसेल तर बिल्डिंगचा मिक्लात (बंकर) कुठे आहे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे भाडं ठरवायच्या आधी विचारायचं. आजी-आजोबा बरोबर असतील तर ममाद नसलेलं घर घेऊ नका, थोडं लहान चालेल. घराचा करार झाला की नगरपालिकेत अर्नोनाच्या (घरपट्टी) सवलतीचा अर्ज, ओलेला ९० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, पहिल्या दोन वर्षांतले बारा महिने. आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

सावधान: नातेवाइकांकडे उतरा, पण राहायची मुदत आधी ठरवा. मावशीच्या तीन खोल्यांत चार जणांचं कुटुंब वर्षभर राहिलं की नातं आणि कामं दोन्ही ताणली जातात. मर्काज क्लितात (नव्याने आलेल्यांच्या राहण्याचं केंद्र) जागा मिळत असेल तर कमीपणा मानू नका.

९. पहिलं वर्ष

उलपान सोडू नका. साधारण पाच महिने, पाचशे तासांचं, ओलेला फुकट. आपली माणसं तिसऱ्या आठवड्यात फॅक्टरीची नोकरी मिळाली की उलपान सोडतात, घरखर्च दिसत असतो, ते समजतं. पण तिथली ओळखीतली पहिली नोकरी बहुतेक वेळा मराठी-हिंदी बोलणाऱ्यांमध्ये असते, हिब्रू जागच्या जागी राहतं आणि दहा वर्षांनी माणूस त्याच पगारावर असतो. नवरा-बायकोपैकी एकानं सकाळचं, दुसऱ्यानं संध्याकाळचं उलपान करा, जमेल तसं, पण दोघांनी पूर्ण करा.

नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट, वकील यांना लायसन्सशिवाय काम करता येत नाही. नर्सिंगच्या कौन्सिलची नोंदणी, सिलॅबस, ट्रान्सक्रिप्ट, अनुभवाची पत्रं हे सगळं भारतातून निघायच्या आधी काढायचं, कारण कॉलेजचा क्लार्क तिकडून केलेल्या ईमेलला उत्तर देत नाही. शिक्षक आणि बाकीच्या पदव्यांचं मूल्यांकन शिक्षण मंत्रालयाकडून होतं.

टॅक्स: ओलेला भारतातल्या उत्पन्नावर, म्हणजे ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज वगैरे, इस्रायलमध्ये दहा वर्षं करसवलत आहे. १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्यांना ते उत्पन्न तिथे जाहीर मात्र करावं लागतं. भारतातला कर भारतात भरावा लागतोच, तेव्हा इथल्या सीएला सोडू नका.

आणि मुलगा-मुलगी लग्नाच्या वयाची असतील तर आई-वडिलांचा मूळ कतुबा, सिनेगॉगचं पत्र आणि वंशावळीचा तो पायरी १ मधला कागद एका फोल्डरमध्ये कपाटात ठेवा, रब्बीनेटमध्ये नाव नोंदवताना हेच मागतात, आणि त्या वेळी पनवेलला किंवा अलिबागला फोन करून रजिस्टर शोधून द्यायला कोण उरलेलं असेल सांगता येत नाही.